हलका, बंदिस्त आणि घरी बांधलेला

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला मूलभूत फरक बुद्धीचा किंवा वाचेचा नसून सामानाचा आहे. चिमणी घर बदलते तेव्हा उडून जाते. माणूस घर बदलतो तेव्हा आधी खोकी शोधत फिरतो. सामान आलं की ते इथून तिथे नेणं आलं, आणि नेण्याच्या पद्धतीवरून मानवजातीचे सरळ दोन भाग पडतात : टेम्पो बोलावणारे आणि विचार करणारे. टेम्पो बोलावणाऱ्यांचं सामान संध्याकाळपर्यंत पोचतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही उरत नाही.

या हकिकतीतले गृहस्थ दुसऱ्या भागातले. वजनमाप खात्यात ते निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासणं, खोटी वजनं जप्त करणं आणि खऱ्या वजनांवर शिक्का मारणं हे त्यांचं सतरा वर्षांचं काम. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही लाच घेतली नव्हती. (देऊ केलेली एक पिशवी त्यांनी सवयीने तोलली होती; अडीच किलो सांगितलेली भरली दोन किलो तीनशे. त्या दुकानदारावर त्यांनी दोन खटले भरले.) घरात त्यांच्या आई, बायको, एक छोटी मोटार आणि खात्याने बाद केलेला एक लोखंडी काटा होता. काटा खात्याच्या लेखी बाद असला तरी निरीक्षकांनी तो दुरुस्त केला होता, आणि खात्यातल्या चालू काट्यांपेक्षा तो जास्त खरं बोलत असे.

बायको पुस्तकं बांधायची. अकरा वर्षं तिने कार्यालयांची हजेरीपुस्तकं, आवकजावकीची बाडं आणि शाळांची गुणपत्रकं बांधली होती. मनातून तिला बांधायची होती खरी पुस्तकं. जुनी, कोणीतरी पुन्हा उघडेल अशी. आणि एक दिवस तसं पत्र आलं. दीडशे किलोमीटरवरच्या एका शहरात मोठ्या ग्रंथालयाचं छत गळलं होतं, सहाशे चाळीस जुनी पुस्तकं भिजून फुगून बसली होती, आणि ती वाळता वाळता दाबून ठेवली नाहीत तर कायमची वाकडी होणार होती. ग्रंथालयाला बांधणीकार हवा होता. अट एकच होती. ग्रंथालयाने दाबयंत्र मागवलं होतं, पण ते तीन वर्षं मंजुरीत अडकलं होतं. तेव्हा उमेदवाराने स्वतःच्या दाबयंत्रासह, पत्र मिळाल्यापासून बेचाळिसाव्या दिवशी रुजू व्हावं. न झाल्यास यादीतला पुढचा उमेदवार तयार होता. त्याच्याकडे दोन दाबयंत्रं होती.

बायकोकडे एकच होतं. ओतीव लोखंडाचं, वर मोठं चाक असलेलं, तिच्या गुरूंनी तिला दिलेलं. चाक फिरवलं की वरची लोखंडी पाटी खाली येते आणि मधल्या पुस्तकाला सरळ करते. पाटीचं माप अठरा बाय चोवीस इंच. मागच्या घरबदलात हमालांनी ते जिन्यात आपटलं होतं आणि चाकाच्या एका आऱ्याला तडा गेला होता. म्हणून पत्र वाचून झाल्यावर बायको एवढंच म्हणाली, “या वेळी मात्र ते जरा नीट न्यायला हवं हं.”

इतिहासात मोठमोठी कामं याहून लांब वाक्यांनी सुरू झालेली आहेत, पण याहून जास्त दिवस चाललेली थोडीच असतील.

निरीक्षकांची स्वतःची बदली त्याच शहरात सहा महिन्यांनी व्हायची होती. म्हणजे बायकोने दाबयंत्र घेऊन पुढे जायचं आणि बाकी घर मागाहून जायचं, असं ठरलं. दाबयंत्र मात्र परक्याच्या हाती द्यायचं नाही. मग उपाय एकच : आपल्या मोटारीच्या मागे जोडायला दोन चाकांचा, चारही बाजूंनी बंद, आपल्या हाताने बांधलेला ट्रेलर.

रस्त्यापलीकडे वेल्डरचं दुकान होतं. निरीक्षकांनी त्याला दाबयंत्राचं वजन सांगितलं, एकशे बारा किलो. आणि मोटारीच्या पुस्तिकेप्रमाणे ती किती ओढू शकते तेही सांगितलं, चारशे किलो. वेल्डरने कानामागची पेन्सिल काढली, पत्र्याच्या तुकड्यावर काहीतरी खरडलं आणि म्हणाला, “साहेब, लोखंडाचा सांगाडा, वरून पत्रा. एकशे नव्वद किलोत बसवतो. परवा घेऊन जा.”

“एकशे नव्वद आणि एकशे बारा, तीनशे दोन.”

“मग? अठ्ठ्याण्णव किलो वर राहिले की. सासूबाई बसवा.”

निरीक्षकांना हे उत्तर फार सोपं वाटलं. सतरा वर्षांच्या नोकरीत, जे सहज बसतं त्यात काहीतरी खोट असते हे त्यांनी पाहिलेलं होतं. “बघतो,” म्हणाले आणि घरी आले. वेल्डरने पत्र्याचा तो तुकडा खिळ्याला अडकवून ठेवला. अशी गिऱ्हाइकं त्याने पाहिलेली होती. खिळ्याला अडकवलेले तुकडेच चौदा होते.

त्या दिवशी निरीक्षक फोनवर ‘हलका ट्रेलर स्वनिर्मिती मंडळा’चे सभासद झाले.

या मंडळाची माहिती इथे दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मंडळाचे सभासद चार हजार एकशे बारा. त्यांपैकी ट्रेलर बांधायचं ठरवलेले तीन हजार नऊशे. आराखडा काढलेले दोन हजार दोनशे. सामान आणलेले तीनशे दहा. बांधायला घेतलेले चौऱ्याण्णव, पूर्ण केलेले नऊ. नऊपैकी ज्यांनी ट्रेलरमधून प्रत्यक्ष काही वाहून नेलं असे दोन होते, त्यांना शिस्तभंगाबद्दल समज देण्यात आली. (उरलेले दोनशे बारा सभासद कशासाठी आले आहेत ते त्यांना आठवत नाही, पण चर्चेत सर्वांत जास्त भाग तेच घेतात.) मंडळात नमस्कार करायची पद्धत नाही. भेटल्यावर “वजन किती?” विचारतात. समोरच्याने ग्रॅममध्ये सांगितलं तर बसायला जागा देतात, किलोत सांगितलं तर नवीन आहे असं समजून समजावून सांगतात.

मंडळाचे आधारस्तंभ होते ग्रॅमकाका. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक्क्याण्णव किलोचा बंदिस्त ट्रेलर बांधला होता आणि तेव्हापासून त्यात एक पिशवीसुद्धा ठेवलेली नव्हती, कारण ठेवली की वजन वाढतं. निरीक्षकांनी वेल्डरचा एकशे नव्वद किलोचा आकडा मंडळात मांडला तेव्हा ग्रॅमकाकांनी लिहिलं, “ट्रेलर बांधताय की पूल?”

चार हजार माणसांनी हसरे चेहरे पाठवले. निरीक्षकांचे कान लाल झाले. खात्यात त्यांच्या समोर दुकानदार घामाघूम व्हायचे, आणि इथे एका वाक्यात त्यांची अशी शोभा झाली होती. तिथून पुढे ट्रेलर कशासाठी, हा प्रश्न मिटला. ट्रेलर नव्वद किलोच्या आत, हे ठरलं.

पहिले चौदा दिवस विचारात गेले, आणि ते वाया गेले असं म्हणणाऱ्याला हलकेपणाचं शास्त्र कळलेलंच नाही. लोखंड बाद झालं. ॲल्युमिनियमचा सांगाडा ठरला. पत्रा बाद झाला. तीन मिलिमीटरचे दोन प्लाय आणि मध्ये थर्माकोल, अशी चिकटवलेली पॅनेलं ठरली. रंगावर पाच दिवस वाद चालला. रंगाचं वजन तीन किलो शंभर ग्रॅम, म्हणून रंग नको. पण बिनरंगी प्लाय दमट हवेत चार किलो पाणी पितो, म्हणून रंग हवा. पण रंग पातळ केला तर दोन किलो. पण पातळ रंगाचे दोन हात द्यावे लागतात. शेवटी रंग फक्त बाहेरून द्यावा आणि आतल्या दमटपणाला मनाई करावी असं ठरलं. स्क्रू दोनशे बारा लागत होते, त्यांचं वजन एक किलो साठ ग्रॅम. ते काढून सगळीकडे गोंद आला.

या काळात घरातही बरेच फरक पडले. निरीक्षकांनी घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी काट्यावर ठेवायला सुरुवात केली. चटणीचा डबा, चटणी, चटणीचं खोकं. आई अंघोळ करून बाहेर आल्या की त्यांना काट्यावर उभं राहावं लागे, कारण एक ज्ञात वजन रोज तोललं तर काटा खरा आहे की नाही ते कळतं.

“अरे, मी तुझी आई आहे की पासंग?” त्या म्हणाल्या.

“आई, बोलू नकोस. बोललीस की वीस ग्रॅम हलतात.”

बायकोने सुरुवातीला हे सगळं कौतुकाने पाहिलं. नवरा आपल्या दाबयंत्रासाठी एवढा जीव टाकतोय हे कोणत्या बाईला आवडणार नाही? निरीक्षकांचं काम चाले त्या अंगणातल्या शेडमध्ये ती चहा नेऊन द्यायची. (कपासह तीनशे चाळीस ग्रॅम, कपाविना एकशे ऐंशी.) तिनेच त्यांना गोंद कसा पसरायचा ते दाखवलं, कारण गोंदातलं तिला जेवढं कळत होतं तेवढं अख्ख्या मंडळाला कळत नव्हतं. आणि तिनेच एक दिवस सहज सांगितलं, “अहो, नुसतं वर विटा ठेवून पॅनेल सरळ चिकटणार नाही. पोकळ राहील. त्याला सगळीकडून सारखा दाब लागतो.”

निरीक्षक थबकले. सारखा दाब. घरात सारखा दाब देणारी एकच वस्तू होती.

इथे नीट लक्ष द्यावं. दाबयंत्र नेण्यासाठी ट्रेलर हवा होता. ट्रेलरसाठी पॅनेलं हवी होती. पॅनेलांसाठी दाबयंत्र हवं होतं. तेव्हा, दाबयंत्र जोपर्यंत इथे आहे तोपर्यंतच ते नेण्याची तयारी होऊ शकत होती. आणि तयारी होईपर्यंत ते इथून हलवता येत नव्हतं. निरीक्षकांना या योजनेत कुठेही खोट दिसली नाही. उलट एका वस्तूत दोन कामं झाल्यामुळे वेगळ्या दाबयंत्राचं वजन वाचलं, असं त्यांनी वहीत नोंदवलं.

गोंदाच्या डब्यावर छापलेलं होतं : दाब पूर्ण चोवीस तास. पाटी अठरा बाय चोवीस इंचांची, म्हणून पॅनेलही तेवढंच. ट्रेलरला अशी शेहेचाळीस पॅनेलं लागत होती. म्हणजे दिवसाला एक, आणि पंधराव्या दिवसापासून शेहेचाळीस दिवस. रुजू व्हायला उरले होते अठ्ठावीस.

हा हिशेब निरीक्षकांच्या ध्यानात आला नाही असं कोणी समजू नये. तो पहिल्याच दिवशी आला होता. त्यांनी खात्याच्या रीतीप्रमाणे त्यावर योग्य ती कार्यवाही योग्य त्या वेळी करायचं ठरवलं, आणि योग्य वेळ म्हणजे मुदत संपायच्या सात दिवस आधी.

पॅनेलं मात्र सुरेख होऊ लागली. प्रत्येक सरासरी एक किलो एकशे चार ग्रॅम. सहावं पॅनेल एक किलो शहाण्णव ग्रॅम भरलं तेव्हा निरीक्षकांनी त्याचा फोटो मंडळात टाकला आणि ग्रॅमकाकांनी प्रथमच लिहिलं, “हं.” मंडळात ‘हं’ ही सर्वोच्च पदवी समजली जाते. आठ वर्षांत ती तिघांना मिळाली होती. निरीक्षक त्या दिवशी कार्यालयात एवढ्या आनंदात होते की एका दुकानदाराचं सात ग्रॅम कमी भरणारं वजन त्यांनी फक्त ताकीद देऊन परत केलं. पुढे तीन दिवस त्यांना अपराधी वाटत राहिलं आणि त्यांनी स्वतःच्या नावे एक ताकीदपत्र काढलं.

बायकोची मात्र कामं अडली. जाण्याआधी तिला दोन शाळांची बाडं बांधून द्यायची होती. ती शेडमध्ये यायची, दाबयंत्राकडे बघायची.

“रिकामं कधी होईल?”

“उद्या सकाळी साडेसातला.”

“आणि मग?”

“मग चौदावं.”

तिने ती बाडं शेवटी पलंगाच्या पायाखाली दाबली. आई रात्रंदिवस त्या कोपऱ्यात बसून राहिल्या. “माझा काहीतरी उपयोग होतोय,” त्या म्हणाल्या, “नाहीतर नुसतीच काट्यावर उभी राहत होते.”

पस्तिसाव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या बरोबर सात दिवस आधी, निरीक्षकांनी बायकोला अर्ज दिला. लेखी, तीन प्रतींत.

‘विषय : रुजू होण्याच्या दिनांकास अठ्ठावीस दिवसांची मुदतवाढ मिळण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर ट्रेलरचे काम अत्यंत समाधानकारक प्रगतीपथावर असून एकूण शेहेचाळीसपैकी वीस पॅनेले पूर्ण व एक दाबाखाली आहे. उर्वरित पॅनेले व जोडणी यांस आजपासून पस्तीस दिवस लागतील. सबब ग्रंथालयास तसे कळवावे व पुस्तकांना तोपर्यंत भिजत ठेवावे, ही विनंती.’

बायकोने अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला.

“पुस्तकांना भिजत ठेवावे?”

“वाळली की वाकतात असं तूच म्हणालीस. भिजलेली आहेत तोवर धोका नाही.”

“आणखी महिनाभर ठेवली तर बुरशी चढेल त्यांना.” ती शांतपणे म्हणाली. “आणि तो दुसरा माणूस आहे ना, त्याच्याकडे दोन यंत्रं आहेत. त्याने काल ग्रंथालयात फोन करून विचारलं, बाई येतायत ना नक्की म्हणून.”

“पण ट्रेलर शहाऐंशी किलोत बसतोय गं! जगात कोणी...”

“अर्ज मिळाला,” ती म्हणाली. खाली सही केली, तारीख घातली, एक प्रत त्यांना परत दिली. निरीक्षकांना फार बरं वाटलं. आपल्या घरात कागदाला किंमत आहे, असं त्यांना वाटलं. पोच आणि मंजुरी यांतला फरक हे गृहस्थ दुकानदारांना सतरा वर्षं समजावत आले होते.

एक्केचाळिसाव्या दिवशी दुपारी अडीच वाजता निरीक्षक कार्यालयातून लवकर परतले. शेडचं दार उघडं होतं. सत्ताविसावं पॅनेल सकाळी साडेसातला दाबाखाली गेलेलं होतं. म्हणजे सात तास झाले होते आणि सतरा उरले होते. दाबयंत्रापाशी बायको उभी होती, बाह्या वर सरकवलेल्या, हातात पाना. ती चाक उलटं फिरवत होती.

“अगं! काय करतेस! सतरा तास!”

चाक फिरत राहिलं. पाटी वर गेली. सत्ताविसाव्या पॅनेलने एक बारीकसा आवाज केला आणि ते एका कोपऱ्यातून पोळीसारखं फुगलं. आजवर पॅनेलला एवढा वाईट आवाज करताना निरीक्षकांनी ऐकलं नव्हतं.

बायकोने पॅनेल बाजूला ठेवलं, सांभाळून. मग पाना घेऊन ती वाकली. एक बोल्ट. दुसरा. तिसरा. चौथा. वरचं चाक उचलून तिने जमिनीवर ठेवलं. मग पाटी, मग आडवी तुळई, मग दोन खांब आणि मळसूत्र, मग बैठक. चहा निवायला लागतो तेवढ्या वेळात एकशे बारा किलोचं दाबयंत्र पाच तुकडे होऊन चादरीवर मांडलेलं होतं.

निरीक्षकांच्या हातांनी त्यांच्या नकळत तुकडे काट्यावर ठेवायला सुरुवात केली. बैठक चौतीस किलो. पाटी चोवीस. तुळई बावीस. खांब आणि मळसूत्र एकोणीस. चाक तेरा. बेरीज एकशे बारा. काटा अगदी खरा होता.

“हे... खोलता येतं?”

“पुस्तकं बांधणाऱ्यांची सगळी यंत्रं खोलता येतात. गुरूंनी दिलं तेव्हा मी ते बसने आणलं होतं, दोन खेपांत. मागच्या वेळी हमाल आले तेव्हा मी माहेरी होते. तुम्ही ते अख्खं उचलायला लावलंत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंच नाहीत,” बायको म्हणाली. “तुम्ही वजन विचारलंत.”

बैठक आणि पाटी मोटारीच्या डिकीत गेल्या. तुळई आणि खांब मागच्या सीटवर, मध्ये उशी. वेल्डर आवाज ऐकून रस्ता ओलांडून आला होता; त्याने मोठ्या संयमाने फक्त हात लावला. चाक ठेवायला जागा उरेना, तेव्हा आई आतून पिशवी घेऊन आल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

“दे इकडे. मांडीवर धरते.”

“आई, तू कुठे?”

“तिथे एकटी राहील का ती? आणि मला आता कळलंय, मी बावन्न किलो चारशे आहे. गाडी ओढेल.” तडा गेलेल्या आऱ्यावर त्यांनी हात ठेवला. “तू ये तुझं झालं की.”

बायकोने चावी फिरवली. काच खाली करून म्हणाली, “सोमवारपासून कपडे तुम्हीच धुवायचे आहेत. आणि शेडचं दार लावून घ्या, प्लायला दमट हवा लागते म्हणता ना.” तिच्या आवाजात राग असता तर निरीक्षकांना जरा आधार वाटला असता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती रुजू झाली. फुगलेल्या पुस्तकांपैकी पहिलं दुपारी बाराला दाबाखाली गेलं.

इथे कोणी म्हणेल, हकिकत संपली. पण शेहेचाळीस पॅनेलांचं काम सव्विसांवर सोडणारा माणूस वजनमाप खात्यात टिकत नाही. निरीक्षकांनी बायकोला पत्र पाठवलं : उरलेल्या वीस पॅनेलांसाठी दाबयंत्र वीस दिवसांकरिता परत मिळावं. उत्तर ग्रंथालयाच्या छापील कागदावर आलं. ‘दाबयंत्र संदर्भ विभागात असून बाहेर दिले जात नाही. वाचकांनी ते जागेवर येऊन वापरावे. रविवारी मोकळे असते.’

तेव्हा निरीक्षक दर शनिवारी बसने जाऊ लागले. हातात गोंद लावायला तयार असलेलं एक पॅनेल, आणि पूर्ण झालेल्यांपैकी एक किंवा दोन. पॅनेलाला बसमध्ये ओरखडे पडू नयेत म्हणून ते चादरीत गुंडाळायचे. चादरी संपल्या तेव्हा रजया घेतल्या. मग बायकोचे स्वेटर, मग पडदे. कोपरे दुमडू नयेत म्हणून कोपऱ्यांना वाट्या, पेले आणि चमचे बांधले. शनिवारी संध्याकाळी पॅनेल दाबाखाली जायचं, रविवारी संध्याकाळी निघायचं, आणि मधले चोवीस तास काही काम नसल्यामुळे निरीक्षक बायकोशी बोलायचे. सुरुवातीला विषय सापडायला वेळ लागला. चौथ्या रविवारी तिने त्यांना एक पुस्तक दाखवलं, अडीचशे वर्षांचं, सरळ झालेलं. त्यांनी ते हातात घेतलं, हाताने जरा वरखाली केलं, आणि मग ओशाळून विचारलं, “यात काय आहे गं?” ती दिवेलागणीपर्यंत सांगत बसली.

विसाव्या रविवारी शेहेचाळिसावं पॅनेल निघालं. त्याच सुमाराला बदलीचा हुकूम आला. निरीक्षक घर रिकामं करायला गेले आणि पाहतात तो घरात काट्याखेरीज काहीच उरलं नव्हतं. ट्रेलर पूर्ण होण्याआधीच, त्याचं वेष्टण म्हणून, अख्खं बिऱ्हाड बसने जाऊन पोचलेलं होतं.

ट्रेलर आता त्या शहरात घरासमोर उभा आहे. शहाऐंशी किलो दोनशे ग्रॅम, मंडळाचा विक्रम. ग्रॅमकाका स्वतः येऊन बघून गेले आणि त्यांनी दार उघडून आत डोकावलं तेव्हा आत काहीही नाही हे पाहून त्यांचे डोळे पाणावले. वाऱ्याच्या दिवशी तो उडू नये म्हणून आई आत खुर्ची टाकून बसतात. अजून त्यातून काही नेण्याची वेळ आलेली नाही, आणि निरीक्षक पुढच्या, सत्तर किलोच्या, आराखड्यावर काम करत आहेत. बायकोने या वेळी दाबयंत्राला कुलूप लावलं आहे.

ही हकिकत वाचणाऱ्या दर दहा वाचकांपैकी सहांना निरीक्षक वेडे वाटतात असं आढळून आलं आहे. तिघांना वाटतं, सरळ टेम्पो बोलावायचा. एक जण मघापासून मनातल्या मनात थर्माकोलची जाडी कमी करतो आहे. मात्र दहाही वाचकांत एक गोष्ट समान निघाली : वाचायला बसण्यापूर्वी घरातल्या कोणीतरी त्यांना काहीतरी करायला सांगितलं होतं, आणि “हो, हे एवढं झालं की आलोच” असं उत्तर त्यांनी मान वर न करता दिलं होतं. ते काय सांगितलं होतं, हे दहापैकी एकालाही आठवलं नाही. आठवून बघा. आणि आठवेना झालं, तर निदान खिडकीतून खाली एक नजर टाका. गाडी जागेवर आहे का.